मण्यांनी आणि उड्यांनी शिकवलेले गणित

आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त हे लिहीत आहे. मी आज प्राथमिक शिक्षकांना गणित अध्यापनाचे प्रशिक्षण देते, आणि या कामात मला ग्रंथांइतकाच आधार मी या शाळेत शिकले त्या पहिलीच्या वर्गाचा आणि तेथील बाईंचा वाटत आला आहे. बाईंनी अधिक आणि उणे ही चिन्हे बराच काळ फळ्यावर येऊच दिली नाहीत. बेरीज-वजाबाकी आधी मुलांच्या हातापायांतून गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

दहा मण्यांचा खेळ मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो. जोडीतील एकाने काही मणी मुठीत दडवायचे, उरलेले समोर ठेवायचे आणि दुसऱ्याने मुठीतले ओळखायचे. समोर सहा दिसले, तर मुठीत चार. मूठ उघडताच उत्तर बरोबर की चूक हे मुलालाच दिसे. त्यासाठी बाईंच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात या जोड्या न घोकता पाठ झाल्या, आणि पुढे आठात पाच मिळवताना पाचातले दोन आधी आठाला देऊन दहा करावेत व उरलेले तीन त्यांत मिळवावेत, ही युक्ती त्यांच्याच बळावर सुचली. सहा आणि चार मिळून दहा, दहातून चार गेले की सहा, ही एकाच मांडणीची दोन रूपे आहेत हेही त्या मुठीनेच दाखवले. बेरीज आणि वजाबाकी यांचे धडे एकमेकांपासून तोडून शिकवले जातात, तेव्हा हे नाते मुलांच्या नजरेस पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जमिनीवर खडूने आखलेल्या अंकपट्टीवर आम्ही फासा टाकून उड्या मारत असू. पाचाच्या घरात उभे असताना दोनाचे दान पडले, की बरीच मुले उभे असलेले घरच पहिले धरतात आणि सहावर थांबतात. बाई ‘चुकलास’ असे म्हणत नसत. ज्या घरात पाय पडेल त्याचा अंक मोठ्याने म्हणायचा, एवढाच त्यांचा नियम होता. ‘सहा, सात’ असे म्हणता म्हणता ती चूक आपोआप सुटे, आणि मागे उड्या मारताना वजाबाकी होई. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामानी या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एक ते दहा अंकांच्या सरळ पटावर थोडा वेळ खेळलेल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांची संख्यांची जाण सुधारली. नुसत्या रंगीत घरांच्या पटावर खेळलेल्यांची तशी सुधारली नाही. सीगलर यांच्या पुढील कामात घराचा अंक म्हणत पुढे मोजण्याचे महत्त्वही दिसून आले. ते वाचताना बाईंच्या नियमामागचे कारण मला प्रथमच नेमके उमगले.

वजाबाकीचा आणखी एक अर्थ मात्र सहसा राहून जातो. ‘गेले आणि उरले’ एवढेच शिकलेल्या मुलाला सात आणि चार मणी दाखवून ‘इकडे किती जास्त?’ असे विचारले, तर ते अनेकदा ‘सात’ म्हणते, कारण येथे कोणीच कुठे गेलेले नसते. बाई दोन रांगा समोरासमोर मांडून मण्याला मणी जोडायला लावत आणि जोडीदार न मिळालेले तीन आम्हालाच शोधू देत. कधी त्या कमी मण्यांची रांग मुद्दाम ऐसपैस पसरत. पसरलेल्या रांगेत जास्त वस्तू आहेत असे लहान मुलांना वाटते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी प्रयोगांनी दाखवले आहे. आम्हीही तसेच फसत असू आणि जोड्या लावताच सावरत असू.

चिन्हे आली ती त्यानंतर. आम्ही खेळातली चाल सांगायची आणि बाईंनी ती फळ्यावर थोडक्यात लिहायची, अशा रीतीने आली, म्हणून ती कधी परकी वाटली नाहीत. महोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे माझे एकच मागणे आहे: पहिलीच्या वर्गात बाकांची दाटी करू नये, अंकपट्टी आखण्याइतकी जमीन मोकळी राहू द्यावी आणि प्रत्येक जोडीला दहा मणी मिळावेत.