सॅन्स-सेरिफ इटॅलिकची प्रगती: रोमनला ९ अंश, देवनागरीला ७

रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांसाठी मी आखत असलेल्या सॅन्स-सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा नसलेल्या) फॉन्टची उभी शैली आता स्थिर झाली असून तिच्या तिरप्या शैलीचे, म्हणजे इटॅलिकचे, काम हाती घेतले आहे. सध्या केवळ नियमित वजन, म्हणजे रेषांची साधी जाडी, चालू आहे. ठळक वजनाला अद्याप हात लावलेला नाही.

पहिला निर्णय कलाचा, म्हणजे अक्षरे किती अंशांनी झुकवायची याचा, होता. १९५७ मध्ये आलेल्या युनिव्हर्स या फॉन्टच्या मूळ तिरप्या शैलीला त्याचे आरेखक एड्रियन फ्रुटिगर यांनी १६ अंशांचा जोरकस कल दिला होता, तर हेल्व्हेटिकाची तिरपी शैली १२ अंशांवर आहे. या दोन्ही घराण्यांत अक्षरांचा सांगाडा उभ्या शैलीचाच राहतो, त्यामुळे वेगळेपण दाखवण्याचा सगळा भार कलावर पडतो. १९२८ च्या गिल सॅन्सची वाट वेगळी आहे. तेथे दुमजली (एकावर एक दोन भागांचा) लहान ‘ए’ तिरप्या शैलीत एकमजली होतो आणि ‘पी’च्या दांड्यावर लेखणीच्या फटकाऱ्याची खूण उरते. आकारच बदलत असल्याने कल सौम्य ठेवला तरी भागते, हे लक्षात घेऊन मी ही वाट धरली आणि रोमनसाठी ९ अंश निश्चित केले. ‘ए’ एकमजली केला असून ‘एफ’ला आधाररेषेखाली उतरणारे शेपूट दिले आहे. (हे शेपूट मजकुरात जरा मिरवते, हे मान्य, तरीही तूर्त ते काढणार नाही.)

कल देण्याची आज्ञा संगणक क्षणात पाळतो, परंतु खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रत्येक बिंदू आपल्या उंचीच्या प्रमाणात आडवा सरकतो, त्यामुळे आडव्या रेषांची जाडी तशीच राहते आणि उभे दांडे ९ अंशांना सुमारे सव्वा टक्का बारीक होतात. हा फरक डोळ्यांना फारसा कळत नाही. गोल अक्षरांतील बिघाड मात्र लगेच कळतो. ‘ओ’ची वरची उजवी आणि खालची डावी बाजू जाड होते, उरलेल्या दोन बाजू बारीक होतात आणि अक्षर ओढून ताणल्यासारखे दिसते. ग्लिफ्स या फॉन्ट आखण्याच्या सॉफ्टवेअरमधील कर्सिव्ही हा पर्याय यातला बराच भाग आपोआप सावरतो, परंतु त्यानंतरही वक्रांच्या टोकांवरील बिंदू नव्याने बसवून प्रत्येक गोलाई हाताने तपासावी लागते.

देवनागरीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रोमन इटॅलिकचे आकार भरभर लिहिण्याच्या हस्ताक्षरातून आले. व्हेनिसमध्ये मुद्रक आल्डस मनुशियस यांनी १५०१ मध्ये छापलेल्या, व्हर्जिल या कवीच्या पुस्तकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी कोरलेला ठसा त्याच वळणाचा होता. मराठीत भरभर लिहिण्याची लिपी म्हणजे मोडी, त्यामुळे तिची वळणे तिरप्या देवनागरीत आणावीत असा मोह होतो. तथापि मोडीतील अनेक अक्षरे आजच्या वाचकाला ओळखूच येणार नाहीत, म्हणून तो विचार मी सोडून दिला. सांगाडा उभ्या देवनागरीचाच ठेवला आणि कल ७ अंशांवर आणला, कारण एका शब्दात चार-पाच काने समांतर झुकले आणि वर शिरोरेषा आडवीच राहिली की तोच कल रोमनपेक्षा अधिक भासतो.

या कामात सर्वाधिक वेळ अँकरांनी, म्हणजे अक्षराला मात्रा-चिन्हे जोडण्याच्या बिंदूंनी, घेतला. अक्षर आखण्याच्या १,००० एककांच्या चौकटीत आधाररेषेखाली २०० एककांवर बसणारा उकार आणि ८५० एककांच्या उंचीवरचा अनुस्वार यांच्यात ७ अंशांमुळे सुमारे १२९ एककांचे आडवे अंतर पडते. म्हणजे ‘कुं’मध्ये उकार डावीकडे आणि अनुस्वार उजवीकडे सरकला नाही, तर दोन्ही चिन्हे अक्षरापासून सुटल्यासारखी दिसतात. ‘प्र’मधील डावीकडे उतरणारी रेघ कल दिल्यावर बारीक झाली, तर पाय मोडल्याची खूण उलट जाड झाली. दोन्ही पुन्हा आखल्या.

मराठी छपाईत भर देण्यासाठी ठळक ठसा किंवा अवतरणचिन्हे वापरण्याची सवय आहे, त्यामुळे तिरप्या देवनागरीची गरजच काय, अशी शंका रास्त आहे. माझे उत्तर मर्यादित आहे: छायाचित्रांखालच्या ओळी, उद्धृत केलेल्या कविता आणि अर्जाच्या चौकटींतील सूचना यांसाठी ती शोभते, सलग परिच्छेदांसाठी नाही. रोमनमध्ये तिचे काम अधिक पक्के आहे. जीवशास्त्रात प्रजाती आणि जातीचे शास्त्रीय नाव तिरपे छापतात, गणितात चलाक्षरे तिरपी असतात आणि ‘साइन’, ‘लॉग’ यांसारखी फलनांची नावे उभी राहतात. आणखी एक व्यावहारिक कारण असे की, ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’सारख्या, सात वजने असूनही तिरपी शैली नसलेल्या फॉन्टला वेबपानावर इटॅलिकची आज्ञा मिळाली, तर ब्राउझर उभी अक्षरेच ढकलून वाकवतो. असा कृत्रिम कल सीएसएसमधून, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांतून, बंद करता येतो, परंतु तसे करणारे थोडेच. स्वतंत्र तिरपी फाइल दिली की तो प्रसंगच येत नाही.

आता कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांमधील अंतर जुळवणे, उरले आहे. तिरप्या ‘एफ’नंतर उभा कंस आला की दोन्हींची टोके एकमेकांना भिडतात, आणि कंसही तिरपा केला तर उभ्या मजकुरात तो एकटाच झुकलेला दिसतो. दोन शैलींच्या फाइल वेगळ्या असल्याने कर्निंगच्या जोड्या येथे उपयोगी पडत नाहीत, म्हणून तिरप्या ‘एफ’च्या उजवीकडची मोकळी जागा थोडी वाढवून छापील नमुने पाहणार आहे.