डाळ गेली, धूर आला

इंग्रजांनी आपली खिचडी नेली, तिच्यातली डाळ काढली, उकडलेली अंडी आणि धुरावलेला मासा घातला आणि तिची 'केजरी' करून सकाळच्या न्याहारीला मांडली. यावर मराठी माणसाचा प्रश्न ठरलेला: डाळ नाही, मग खिचडी कसली? लंडनला आल्यावर मीही हा मुद्दा तावातावाने मांडायचे. पण साबुदाण्याच्या खिचडीत ना तांदूळ ना डाळ, आणि तिच्याबद्दल आपण कधी चकार शब्द काढत नाही. शिवाय सीकेपी घरातली सोड्याची खिचडी! तांदूळ, कांदा, बटाटा, नारळाचं दूध आणि सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. डाळ औषधालाही नाही. वर सोडे भिजत घातले की आजचा बेत अख्ख्या मजल्याला कळतो. तेव्हा भातात टिकवलेला मासा घालायला साहेबाची वाट पाहावी लागली नव्हती.

न्याहारीचंही तेच. 14व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, तूप घालून रोज सकाळी खातात. पुढे आपण सकाळ पोह्यांना दिली आणि खिचडी रात्रीच्या कंटाळ्यावर सोपवली. साहेबाने मात्र जुनी वेळ पाळली. त्यात इतिहासप्रेम कसलं? रात्रीचा उरलेला मासा सकाळी संपवायचा होता. मिसेस बीटन या इंग्रज लेखिकेच्या 1861 सालच्या घरकामाच्या पुस्तकातली कृती बघा: कुठलाही गार मासा, चहाचा कपभर शिजलेला भात, औंसभर लोणी, चमचाभर मोहरीपूड, दोन अंडी, मीठ, तिखट. ना करी पावडर, ना धूर. म्हणजे आपल्या फोडणीच्या भाताचा साहेबी अवतार.

धूर स्कॉटलंडचा. ॲबर्डीनच्या दक्षिणेला फिंडन नावाचं गाव आहे. तिथे हॅडॉक नावाच्या समुद्री माशाला मिठाच्या पाण्यात मुरवून पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या वाळवलेल्या मातीचा, गार धूर द्यायचे. गार धुरात मासा शिजत नाही, कच्चाच राहतो, फक्त चव बदलते. स्कॉटलंडमधल्याच आर्ब्रोथ गावची 'स्मोकी' वेगळी. दोन-दोन मासे शेपट्यांशी बांधून काठीवर टांगायचे, खाली लाकडांचा जाळ आणि वरून ओलं गोणपाट. हा मासा शिजूनच बाहेर येतो, हातात घेऊन तसाच खावा. आपल्या हापूसला आहे तसं त्यालाही 2004पासून भौगोलिक संरक्षण आहे: आर्ब्रोथच्या 8 किलोमीटरच्या परिसरात तयार झाला तरच तो स्मोकी.

मला यातली गंमत वाटते ती उन्हाची. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, म्हणून त्याआधीच बोंबील, सुकट, सोडे कडकडीत उन्हात वाळवून ठेवायचे. स्कॉटलंडमध्ये उन्हाचा भरवसा कोण देणार? तिथे ते काम धुराने केलं.

केजरीला मी गार धुराचा हॅडॉक घेते. दुकानात दोन प्रकार असतात, एक फिकट सायीच्या रंगाचा आणि एक भडक पिवळा. पिवळा म्हणजे नुसती रंगरंगोटी, तो घेऊ नये. पसरट भांड्यात दूध, तमालपत्र आणि मिरीचे चार दाणे घालून मासा त्यात सोडायचा. दूध उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरायला हवं. मांस पारदर्शक होतं ते पांढरं झालं की काढायचं. कातडी ओढली की अख्खी सुटून येते आणि बोटाने हलकं दाबलं की माशाच्या जाडसर पाकळ्या आपोआप वेगळ्या होतात. काटे याच वेळी बोटांनी चाचपून काढावेत.

मग लोण्यात कांदा, वेलची, जिरं, हळद आणि करी पावडर अगदी चिमूटभर. इथे हात सैल सोडणारे लोक मला पटत नाहीत. गरम मसाला घातला की धूर मेला, आणि धुरासाठीच तर एवढा खटाटोप! मोकळा शिजवलेला बासमती त्यात परतायचा, वरून तेच धुराळलेलं दूध दोन-तीन डाव शिंपडायचं. मासा शेवटी, उलथन्याने अलगद. मीठ चव घेतल्याशिवाय घालू नये, माशातच भरपूर असतं. वर अंड्यांच्या फोडी आणि लिंबू. पार्सलीऐवजी मी कोथिंबीर घालते, ती बिचारी परत घरी आल्यासारखी वागते.

ठाण्याच्या मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. धूर, अंडी, लोणी तिने ऐकून घेतलं. दुधाशी आल्यावर म्हणाली, "मासे दुधात? अगं, अंगावर डाग उठतील! नारळाचं दूध घाल." घालून पाहिलं. चव झकास, पण धूर नारळात बुडतो आणि केजरी सरळ सोड्याच्या खिचडीकडे वळते. म्हणून मी म्हशीगाईचंच वापरते, आणि मावशीला नारळाचं सांगते.