चुनखडीचा शून्य

मी सोलापुरात भूशास्त्र शिकवतो. मंगळवेढ्याकडच्या एका मामांनी विहीर खणताना काळ्या रानात निघालेली चुनखडी पिशवीभर आणून टेबलावर ओतली. “ओ सर, हितं समुद्र व्हता का? एवढा चुना उगंच येतंय व्हय?”

खडा कापून दाताच्या डॉक्टरांकडचं असतं तसल्या ड्रिलनं चिमूटभर पूड काढली आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथं पुडीवर फॉस्फरिक आम्ल टाकतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यातल्या जड कार्बन-13 आणि हलक्या कार्बन-12 यांचं प्रमाण मोजतो. ठरलेल्या प्रमाणापासूनचा फरक दर हजारी सांगतात.

निकाल आला तेव्हा मामा नेमके समोर बसलेले. आकडा शून्याला टेकलेला! या मोजपट्टीचं शून्यच मुळी समुद्रातलं: अमेरिकेतल्या पी डी थरांत सापडलेल्या बेलेम्नाइटचं, म्हणजे माखलीच्या गोतातल्या जीवाश्माचं. समुद्री चुनखडकही बहुधा त्याच्या आसपासच पडतो. “मी म्हनलं नव्हतं?” मामा खूश.

आता इथून पुढं मला मजा येते. हवेतला कार्बन पकडायच्या वनस्पतींच्या दोन मुख्य पद्धती, सी-3 आणि सी-4. ज्वारी, मारवेल गवत ही सी-4 वनस्पती, त्यांच्या कार्बनचा आकडा साधारण उणे 13. बाभूळ, तूर, हरभरा सी-3, म्हणजे उणे 27च्या आसपास. मुळांच्या श्वासातला आणि कुजलेल्या पाल्याचा वायू मातीत साठतो, त्यातून चुनखडी धरते आणि धरताना आकडा 14 ते 17नं वर चढतो. करा बेरीज. निव्वळ गवताळ रानातली चुनखडीसुद्धा शून्याच्या आसपासच येते. त्यामुळं नुसत्या आकड्यावर समुद्र ठरत नाही, गवतही ठरत नाही. तो कार्बनबद्दल बोलतो. कॅल्शियम कुठून आलं ते त्याला विचारून उपयोग नाही.

म्हणून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शिंपल्याचा तुकडा नाही, काळी चिकणमाती आणि बारीक मुळांच्या नळ्या मात्र जागोजाग. कॅल्शियमला खालचा बेसाल्ट आहेच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा झिजला की त्यातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजातून ते सुटतं.

मामा जरा हिरमुसले. “मग माज्या ज्वारीनं दगड केला म्हना की.” एकट्या ज्वारीनं नव्हे, म्हटलं, खडा धरायला शेकडो-हजारो वर्षं लागतात, त्यात आधीचं गवतही आलं. आता त्याच थरातली माती पाठवली आहे. तिच्यातल्या सेंद्रिय कार्बनचा आकडा उणे 15च्या जवळ निघाला, तर गवताचा हिशेब जुळला.