९ जूनचं संमेलन आणि बार्बाराचा पियानो

आमच्या फ्रेंचवाल्यांच्या मंडळाचं संमेलन कायम ९ जूनच्या आसपास व्हायचं, कारण १९३० साली त्याच तारखेला फ्रेंच गायिका-गीतकार बार्बारा पॅरिसमध्ये जन्मली. पुण्यात पाऊसही नेमका तेव्हाच येतो आणि पियानो बिघडतो. दमट हवेनं त्याचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी, फुगतो. मधल्या सप्तकांतले स्वर चढतात, खर्जातले फारसे हलत नाहीत, आणि दोन हातांचं आपसात जमेनासं होतं. म्हणून पियानो दोन दिवस आधी सभागृहात आणायचा, कार्यक्रमात लागतील तेवढेच पंखे लावून ठेवायचे आणि ट्यूनरला कार्यक्रमाच्या सकाळी बोलवायचं. आणल्याआणल्या सूर लावून घेतला, तर संध्याकाळपर्यंत तो टिकत नाही.

उभा पियानो भिंतीला टेकवायचा नाही. तसा ठेवला तर वाजवत गाणारीची पाठ लोकांकडे होते. उलटा फिरवला तर चेहरा पियानोमागे झाकला जातो. बाजू प्रेक्षकांकडे करून तिरका लावायचा, म्हणजे निदान अर्धा चेहरा दिसतो.

हे मांडताना दरवर्षी ग्योटिंगनची गोष्ट निघायचीच, आणि ती कितीदाही ऐकावी. जुलै १९६४ मध्ये बार्बारा त्या जर्मन गावात गायला गेली, तीही नाखुशीनंच. ज्यू असल्यामुळे युद्धात तिचं बालपण लपतछपत गेलं होतं. तिनं ग्रँड, म्हणजे मोठा आडवा पियानो मागितला होता आणि रंगमंचावर होता उभ्या घडणीचा. पियानो वाहणाऱ्यांचा संप चालू. ती गायला तयार होईना. शेवटी दहा विद्यार्थ्यांनी एका वृद्ध बाईंच्या घरून ग्रँड पियानो उचलून आणला. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, पण इतका रंगला की तिचा मुक्काम वाढला. जाण्याआधी तिनं नाट्यगृहाच्या बागेत बसून त्या गावावर गाणं लिहायला घेतलं.

संमेलनाचा क्रम तिच्याच वाटेनं जायचा. पॅरिसमधल्या सीनच्या डाव्या काठावरच्या 'लेक्लूझ' या इवल्याशा कॅबेरेत ती आधी दुसऱ्यांची गाणी गायची. ब्रासँस आणि ब्रेल हे तेव्हाचे गायक-गीतकार; ब्रासँसच्या गाण्यांची तिची तबकडी १९६० ची, ब्रेलच्या गाण्यांची १९६१ ची. म्हणून पूर्वार्ध त्या दोघांचा आणि उत्तरार्ध तिच्या स्वतःच्या गाण्यांचा. लहानपणी उजव्या हाताची शस्त्रक्रिया झाली आणि पियानोवादक व्हायचं तिचं स्वप्न तिथंच संपलं, तरी पुढे स्वतःची साथ ती स्वतःच करत राहिली. त्यामुळे उत्तरार्धात गाणारीनंच वाजवायचं, असा आमचा आग्रह असे.

सगळ्यात अवघड तिचं 'नाँत' हे गाणं, नाँत या फ्रेंच शहरावरचं. १९५९ च्या अखेरीस तिचे वडील त्या शहरात वारले आणि ती वेळेवर पोचू शकली नाही. नवख्या मुली पहिल्याच कडव्यात गहिवर आणतात आणि शेवटापर्यंत काही उरतच नाही. सुरुवात पत्र वाचून दाखवावं तशी सपाट करावी, आवाज शेवटच्या दोन कडव्यांपर्यंत राखून ठेवावा. माइक तर नकोच. साठ-सत्तर खुर्च्यांच्या दालनात तो श्वाससुद्धा मोठा करतो.

शेवटी 'ग्योटिंगन' सगळे मिळून म्हणायचे. इथं हमखास एक घोटाळा होतो. फ्रेंच शब्दाच्या टोकाचा पुसट 'अ' बोलताना गिळतात, गाण्यात मात्र तो बऱ्याचदा पूर्ण स्वर घेतो. वर्गातल्या सवयीनं अर्धी मंडळी तो गिळतात, त्यांच्याकडे एक स्वर उरतो आणि ती पुढे पळतात. उपाय साधा आहे: तालमीत आधी शब्दांशिवाय, नुसत्या 'ला-ला'वर दोनदा चाल म्हणून घ्यायची, आणि मग प्रत्येक स्वराखाली एकेक अक्षर लिहिलेला कागद हातात द्यायचा.