उणे 28 मध्ये जगली, नळाच्या पाण्याने पिवळी पडली

ब्लूबेरीची पहिली दोन रोपं मेली तेव्हा मी थंडीला शिव्या घातल्या. 2016 चा मे महिना. अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या पश्चिमेला आमचं घर आहे, मागच्या भिंतीलगत दिवसभर ऊन असतं, म्हणून तिथेच दोन खड्डे खणले आणि लावून मोकळी झाले. चिठ्ठीवर ‘ब्लूक्रॉप, हायबुश’ लिहिलेलं, म्हणजे उंच वाढणारी जात. दुकानातला मुलगा म्हणाला, थंडीत टिकतात. मला तेवढंच ऐकायचं होतं.

जुलैत पानं पिवळी पडू लागली. सगळं पान नाही. शिरा हिरव्यागार आणि मधलं सगळं पिकल्या लिंबासारखं, जणू कुणी बारीक हिरव्या पेनाने पानाचा सांगाडा काढून ठेवलाय. पुढच्या वसंतात बर्फ वितळल्यावर खाली नुसत्या काड्या उरल्या होत्या.

खरं तर ती पानं मी ओळखायला हवी होती. दर हिवाळ्यात घरातल्या कुंडीतल्या कढीपत्त्याची हीच गत होते आणि आपल्या लोकांत त्यावर एकच औषध, ताक. आमच्या मंडळातल्या बायकांनी मला तेच सांगितलं होतं. मीही इमाने इतबारे दर रविवारी पातळ ताक करून ब्लूबेरीच्या बुंध्याशी घातलं. वास आला, माश्या आल्या, शेजाऱ्यांचं मांजर येऊन बसू लागलं. पानं पिवळी ती पिवळीच.

शेवटी 2017 मध्ये शहाणपण सुचलं आणि माती तपासायला पाठवली. मिनेसोटा विद्यापीठाची माती प्रयोगशाळा सेंट पॉलला आहे. अंगणात चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खणून माती घ्यायची, एकत्र करून वाळवायची, पिशवीत भरून टपालाने धाडायची. अहवाल आला. सामू, म्हणजे पीएच, 7.4. हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट. ब्लूबेरीला हवा साडेचार ते सव्वापाच. हे आकडे पायरीपायरीने नाही, दहापटीने वाढतात. म्हणजे माझी माती तिला हवी त्यापेक्षा शेकडो पटींनी कमी आंबट होती. मातीत लोह भरपूर होतं, पण अशा मातीतलं लोह या झाडाला उचलताच येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि तोंडाला कुलूप. त्यात मी ती लावली होती घराच्या पायाला चिकटून, जिथे सिमेंटमधला चुना पाझरतो. थंडीचा काही दोष नव्हता.

त्या हिवाळ्यात या झाडाबद्दल वाचत बसले. 1910 पर्यंत हे झाड बागेत लावणं कुणालाही धड जमलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकी कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी आपल्या प्रयोगांचा अहवाल छापला. इतर पिकांना मानवणारी कसदार, चुना घातलेली माती याला विष आहे, याला आंबट आणि भुसभुशीत मातीच हवी, असं त्यात होतं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या क्रॅनबेरीवाल्यांच्या मुलीने तो वाचला, कोव्हिलना आपल्या शेतावर जागा दिली आणि रानात हिंडणाऱ्या माणसांना पैसे देऊन मोठ्या फळांची जंगली झुडपं शोधून आणवली. त्यातून 1916 साली लागवडीची ब्लूबेरी पहिल्यांदा बाजारात आली. मी तीच चूक शंभर वर्षांनी केली होती.

अंगणातली चिकणमाती आंबट करण्याचा नाद सोडला. त्याऐवजी घरापासून लांब, आठ फूट बाय चार फूट असा लाकडी फळ्यांचा फूटभर उंच वाफा केला. त्यात निम्मं पीट, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, बाकी थोडी अंगणातली माती आणि पाइनची साल. हे वाचायला सोपं आहे. कोरडं पीट पाणी पीतच नाही! वरून झारी ओतली तर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात आणि खाली हात घालावा तर राखेसारखं कोरडं. नवऱ्याने पाइपने अर्धा तास पाणी मारलं आणि हात टेकले. मग मी ढकलगाडीत थोडं थोडं पीट घेऊन कोमट पाण्याचा हबका मारत भाकरीचं पीठ मळतात तसं मळलं. मुठीत दाबल्यावर दोन थेंब गळले की घाणा उतरला. तीन गाठी मळायला दोन शनिवार गेले, नखांतला तपकिरी रंग जायला आणखी एक.

गंधकही ऑक्टोबरमध्येच मिसळलं. गंधक काही लगेच आंबट होत नाही. मातीतले जिवाणू ते खाऊन त्याचं आम्ल करतात आणि त्यांना ऊब लागते, म्हणून महिने जातात. लावायच्या दिवशी गंधक टाकणाऱ्यांची मला आता गंमत वाटते.

2018 च्या मेमध्ये चार रोपं लावली. दोन ‘पेट्रियट’, हे थंडीला चांगलं तोंड देणारं हायबुश. एक ‘नॉर्थब्लू’ आणि एक ‘पोलारिस’. ही दोन्ही मिनेसोटा विद्यापीठाची, उंच हायबुश आणि रानातली बुटकी लोबुश यांच्या संकरातून आलेली, साधारण कमरेएवढीच वाढणारी. मला तेव्हा बुटकेपणा म्हणजे उणीव वाटली होती. तो का ठेवलाय ते पुढे कळलं.

पंधरा दिवसांत फुलं आली. पांढरी, टोकाला किंचित गुलाबी, उलट्या टांगलेल्या इवल्या मडक्यांसारखी. राजापूरला सासऱ्यांना व्हिडिओवर दाखवली. त्यांची हापूसची कलमं आहेत. ते म्हणाले, “अगं, बघतेस काय? खुडून टाक. कलमाचा पहिला मोहोर ठेवायचा नसतो, झाड आधी उभं राहू दे.” इथल्या माळ्यांचाही नेमका हाच सल्ला, पहिली दोन वर्षं फूल ठेवू नका. तरी हात चालेना. त्यांनी फोन बंद केला नाही, शेवटची मडकी खुडेपर्यंत पलीकडून “ते खालचं राहिलं” असं सांगत बसले.

मग आला 30 जानेवारी 2019. पारा उणे 28 फॅरनहाइट, म्हणजे उणे 33 सेल्सिअस, वारा धरून उणे पन्नास फॅरनहाइटच्याही खाली. शाळा बंद, त्या दिवशी टपालसुद्धा वाटलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फाबाहेर आलेले पेट्रियटचे शेंडे दिसत होते. नॉर्थब्लू आणि पोलारिस बरीचशी बर्फाखाली. वितभर बर्फाखाली जमिनीलगत हवेपेक्षा कितीतरी ऊब असते. बुटक्या झाडाची गोधडी निसर्गच घालतो.

फेब्रुवारीत तर 39 इंच बर्फ पडला, इथल्या कुठल्याही फेब्रुवारीतला सर्वांत जास्त. मी म्हटलं, बरं झालं, पेट्रियटही झाकलं जाईल. सशांचा विचार कुणी केला? सशांसाठी मी दोन फूट उंच जाळी लावली होती आणि ती पुरती गाडली गेली. ससे बर्फावरून आरामात चालत आले आणि जे शेंडे थंडीतून वाचले होते ते खाऊन गेले. काप कसा, तर कात्रीने मारल्यासारखा तिरपा आणि स्वच्छ. हरणाने खाल्लं असतं तर फांदी चिंध्या झाल्यासारखी फाटते. हा फरक मला नको होता, पण तो आता आयुष्यभर लक्षात राहील.

एप्रिलमध्ये खालून कोंब फुटले. चारही जगली.

पहिलं पीक 2020 च्या जुलैत, 41 दाणे, मुलाने मोजलेले. फळ निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. देठाजवळ लालसर कडं दिसतंय तोवर आंबट लागतं. निळं झाल्यावरही पाच-सहा दिवस थांबायचं आणि मग अंगठ्याने नुसतं लोटून बघायचं. पिकलेलं असेल तर हातात पडतं, ओढावं लागलं तर सोडून द्यायचं. अंगावरची पांढरट साय बोटाने पुसली की खालून जवळजवळ काळं फळ निघतं, आपल्या जांभळासारखं. एवढं थांबायला रॉबिन पक्षी तयार नसतात, म्हणून जाळी. जाळी झाडावर नुसती टाकली की ते वर बसून आतलं खातात. चार खांब रोवून वर ताणावी लागते.

आणि 2021 मध्ये पुन्हा पिवळी पानं. त्याच हिरव्या शिरा. मी हबकलेच. त्या उन्हाळ्यात मिनेसोटात मोठा दुष्काळ होता. तोवर पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून मी झाडांना घालत होते, ते जूनमध्येच संपलं आणि मी बागेतल्या नळाला पाइप लावला. आमच्या भागात पाणी जमिनीतलं, चुन्याने भरलेलं. घरात येणारं पाणी मऊ करायचं यंत्र आहे, त्यामुळे किटली स्वच्छ राहते आणि आपल्याला काही कळत नाही. बागेतल्या नळाचा फाटा मात्र यंत्राच्या आधीच निघतो. झारीच्या तोंडावर जमलेली पांढरी खपली मी रोज बघत होते, पण तेच पाणी मी वाफ्यात ओततेय हे डोक्यात आलं नाही. सहा आठवड्यांत सामू साडेसहाच्या पुढे गेला होता. तेव्हापासून पिंप रिकामं असेल तर नळाच्या पाण्यात साधं पांढरं व्हिनेगर घालते, कागदी पट्टीवर पाचाच्या आसपास येईपर्यंत. शिवाय कळ्या फुगताना अमोनियम सल्फेटचं खत थोडंसं, आणि जुलैनंतर खत अजिबात नाही. उशिरा आलेली कोवळी फूट हिवाळ्यापर्यंत पक्की होत नाही.

2022 च्या उन्हाळ्यात सासरे आले. वाफ्यापाशी उकिडवे बसून त्यांनी आधी माती हातात घेतली, चुरली, वास घेतला. मग दाणा. “पाणचट आहे,” म्हणाले, “पण वाईट नाही.” थोड्या वेळाने वाटी मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत पोलारिसचं झाड त्यांनी एकट्याने मोकळं केलं. जाताना म्हणाले, जुनी लाकडं काप, फळ आदल्या वर्षीच्या फाट्यावर येतं. मार्चमध्ये, बर्फ असतानाच, त्यांना फोनवर घेऊन कापते. मला जास्त वाटतं तेवढंही त्यांना पुरेसं वाटत नाही.

सशांची जाळी आता चार फुटांची आहे.