न केलेल्या अपराधाची क्षमा

पशुमानवांच्या, म्हणजे माणूस आणि पशू अशी दोन्ही रूपे असलेल्यांच्या, जगात घडणाऱ्या प्रेमकथांपैकी मला सर्वाधिक ओढ वाटते ती खलनायिकेच्या कथेची. चिनी वेबकादंबऱ्यांनी हा प्रकार विशेष फुलवला आणि त्याचा साचा आता वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आपल्या जगातील एखादी स्त्री डोळे उघडते, तेव्हा परकायाप्रवेश होऊन ती अशा स्त्रीच्या देहात आलेली असते, जिने स्वतःशी बांधल्या गेलेल्या लांडगा, सर्प, कोल्हा अशा वंशांतील पुरुषांना उपाशी ठेवले, फटके मारले आणि चारचौघांत त्यांची मानहानी केली. त्या जगात स्त्रिया अत्यल्प असल्याने एकीला अनेक जोडीदार असतात, आणि बंधनाची खूण अंगावर उमटलेली असल्याने त्यांनी तिचा कितीही द्वेष केला तरी त्यांना सहजासहजी सुटका नसते.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या सुंदरी आणि श्वापदाच्या परीकथेची सर्वांत प्रचलित आवृत्ती १७५६ साली फ्रेंच लेखिका बोमाँ यांनी लिहिली. तिथे नायिका निर्दोष असते आणि तिला श्वापदाच्या रूपामागचे मन ओळखायचे असते; इथे मात्र ज्या चेहऱ्याने आपल्याला छळले त्याच चेहऱ्यामागे आता दुसरीच कुणी आहे, हे श्वापदांना ओळखायचे असते. ओळखण्याचे ओझे असे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेले की कथेचे नैतिक वजनच बदलते, कारण त्यांचा राग पूर्णपणे न्याय्य असतो.

म्हणूनच, चविष्ट जेवण रांधले, जखमेवर पाला बांधला आणि चार प्रकरणांत सगळे विरघळले, अशा कथा मला पटत नाहीत. ज्याला वर्षभर या हाताने मार दिला, त्याला त्याच हाताने पुढे केलेल्या वाडग्यात प्रथम विषच दिसणार. नायिकेपुढचा खरा पेच याहून खोल आहे: ‘ती मी नव्हेच’ असे सांगितले तर ते कुणाला खरे वाटणार नाही, आणि न सांगता क्षमा मागितली तर न केलेले पाप कायमचे आपल्या नावावर लागेल. जी लेखिका नायिकेला ते पाप पत्करायला लावते, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

पशुत्व हे केवळ कान आणि शेपटी यांपुरते न ठेवणारे लेखन मला विशेष आवडते. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही आणि तो अधिक बिथरतो. अशा दिवसांत सर्पवंशीय पुरुषाने तिला गुहेच्या तोंडाशी बसू देणे हे माझ्या लेखी कुठल्याही चुंबनाहून मोठे आहे. लांडग्यांचा कळप बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचा, म्हणजे एक कुटुंबच असतो. हे ध्यानात घेतले की लांडगावंशीय नायकाला तिने एकट्याने जेवायला लावणे ही किती क्रूर शिक्षा होती, ते वेगळे सांगावे लागत नाही.

काही कथांत नायिकेच्या मनात एक यंत्रणा प्रत्येकाच्या प्रेमाचे गुण मोजत असते. मला ती नकोशी वाटते, कारण आकडा वाढताना दिसला की शंका उरत नाही, आणि शंकेशिवाय विश्वासाला किंमत नाही.

मला थांबवून ठेवणारे प्रकरण नेहमी एकच असते: ज्यात ती बंधन तोडण्याचा मार्ग शोधते आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारते की तुला जायचे आहे का. सर्वांत शांत, सर्वांत आज्ञाधारक वाटणारा पुरुष तत्काळ होकार देतो. ती खूण पुसते, वाटेसाठी सुकवलेले मांस बांधून देते आणि तो मागे वळून न पाहता रानात निघून जातो. त्याला पुढच्याच प्रकरणात परत न आणण्याचे धैर्य ज्या लेखिकेकडे असते, तिची कादंबरी मी शेवटपर्यंत वाचते.