पश्चिमेच्या एका खिडकीसाठी

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचे घर आहे, आणि तरीही मे महिन्यात आमच्या मागच्या दोन खोल्यांत झोपणे अशक्य होत असे. पडवी आणि माजघर कौलारू असल्याने तिथली गरम हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते. मागच्या खोल्यांवर मात्र वडिलांनी 1994 साली स्लॅब घातला आणि झडीच्या पावसाला भिऊन पश्चिमेची भिंत बंदच ठेवली. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर खोलीत उष्णता सोडतो, दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि छताचा पंखा तीच ऊन हवा खाली ढकलत राहतो. आणखी एक पंखा आणून मी पैसे वाया घालवले, हे आधीच सांगून टाकतो.

उपाय गवंड्याने एका भेटीत सुचवला: दुपारचे खारे वारे आत येतील अशी खिडकी पश्चिमेला पाडायची आणि वर चढलेली गरम हवा बाहेर जावी म्हणून समोरच्या पूर्वेच्या भिंतीत, अगदी स्लॅबलगत, झरोका ठेवायचा. काम चार दिवसांचे होते. परवानगीला सात आठवडे लागले.

फेब्रुवारीअखेर मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्यात ‘नवीन खिडकी’ असे लिहिले, ही माझी पहिली चूक, कारण ‘नवीन’ या शब्दावर बोट ठेवून लिपिकांनी ते वाढीव बांधकाम ठरवले आणि नकाशा मागितला. नकाशा घेऊन गेलो, तेव्हा नमुना 8 च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर आजोबांचे नाव आणि पुढे ‘व इतर 4’ असल्याचे त्यांच्या लक्षात आले. खिडकी सामाईक आगराकडे, म्हणजे घराच्या बागेकडे, उघडणार असल्याने चौघांचीही संमती हवी, हे म्हणणे मला आजही रास्त वाटते. ते पहिल्याच फेरीत का सांगितले नाही, याचे उत्तर मात्र मिळाले नाही. एक चुलतभाऊ डोंबिवलीला, एक बडोद्याला. कागद कूरियरने फिरून येईपर्यंत शिमगा होऊन गेला. तिसऱ्या फेरीला ग्रामसेवक भेटले नाहीत, कारण त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार असून आमच्या गावाच्या वाट्याला दोनच वार येतात, आणि त्यातल्या एका वारी तालुक्याला सभा होती. चौथ्या फेरीला एका संमतिपत्रावर सही करणाऱ्याच्या वडिलांच्या नावाऐवजी फक्त आद्याक्षर निघाले. त्या दिवशी बाकावर तासभर घामाघूम बसलो असताना माझ्या लक्षात आले की त्या कार्यालयाला पश्चिमेकडे उत्तम खिडकी आहे, परंतु दप्तरांनी भरलेले लोखंडी कपाट तिच्यासमोर उभे आहे. मी ते बोलून दाखवले नाही. अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर होता.

पाचव्या फेरीला, एप्रिलच्या मध्यावर, कागद हाती आला. तेव्हा गवंडी गावभर कौले परतण्यात गुंतले होते. म्हणून ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर लगेच, आणि आधी संमतिपत्रे गोळा करूनच, अर्ज करावा.

खिडकी बसली त्या दुपारी वारा आलाच नाही आणि माझा धीर सुटला. झरोका अजून फोडायचा होता, आणि आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर बाहेरची हवा आत शिरत नाही, हे गवंड्याने मला जरा रागानेच समजावले. दुसऱ्या दिवशी झरोका झाला आणि तीनच्या सुमाराला खुंटीवरचा टॉवेल हलू लागला, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून तो दाखवला.

डासांची जाळी फार बारीक घेऊ नये, तिने वारा अडतो. रात्री वारा उलटतो आणि मंदावतो, त्यामुळे मी टेबलपंखा पश्चिमेच्या खिडकीत बाहेर तोंड करून ठेवतो. तो आतली ऊन हवा ओढून बाहेर टाकतो आणि पूर्वेच्या दारातून अंगणातली गार हवा आत येते. खिडकीवर छज्जा मात्र आधीच बांधून घ्यावा; मी तो टाळला आणि जूनमध्ये पहिल्याच पावसाला गादी भिजली, म्हणजे वडिलांची भीती अगदीच खोटी नव्हती. आता पावसाळ्यापुरती बाहेरून नारळीची झापे बांधली आहेत. काम पूर्ण झाल्यावर पाहणी होईल, अशी अट परवानगीत आहे. पाहणीला अद्याप कोणी आलेले नाही, आणि आले तरी त्यांना आता झापेच दिसतील.